निळ्या दोऱ्याची करडं

करिश्मानं सात नंबरचं करडू झोळीत ठेवलं, झोळीची कडी चिंचेच्या फांदीला टांगलेल्या काट्यात अडकवली आणि हळूच हात काढून घेतले. करडानं झोळीच्या भोकांतून चारी पाय खाली सोडले आणि हवेतच चालायला सुरुवात केली. काट्याची सुई थरथरत वर-खाली होऊ लागली.

"थांब की रे बाबा जरा," ती म्हणाली.

करडू थांबलं. त्याला मुतायचं होतं म्हणून थांबलं. करिश्मानं वही पाठीमागं धरली आणि तेवढ्या सवडीत आकडा वाचून घेतला. नऊ किलो आठशे.

आकडा लिहिताना तिनं मागचं पान उलटून पाहिलं. मागच्या सोमवारी हेच करडू नऊ किलो दोनशे भरलं होतं. आठ दिवसांत सहाशे ग्रॅम. तिनं करडाच्या गळ्यातला दोरा पुन्हा एकदा चिमटीत धरून पाहिला. दोरा निळाच होता.

निळा होता, हीच तर पंचाईत होती.

जळकोटच्या शिवेवरच्या या घरात वीस करडं होती, सगळी काळीभोर, लोंबत्या कानांची. दहांच्या गळ्यात लाल दोरा, दहांच्या गळ्यात निळा. लाल दोऱ्यांना रोज सकाळी वाळवलेला शेवग्याचा पाला आणि मका भरडून केलेला खुराक. निळ्यांना काही नाही. म्हणजे आईचं दूध आणि रानातला चारा, आजवर मिळत आलं तेवढंच. सात आठवड्यांनी लाल दोरे निळ्यांपेक्षा किती वाढले ते पाहायचं. प्रश्न इतका सरळ होता, की उन्हाळी संशोधन कार्यक्रमाचा अर्ज भरताना करिश्माला त्याची थोडी लाजच वाटली होती.

आता चौथा आठवडा संपला होता. लाल दोरे या आठवड्यात सरासरी साडेपाचशे ग्रॅमनं वाढले होते. निळे सहाशेनं.

शेजारी घरधनीण सत्यभामाबाई उभ्या होत्या. त्यांनी करडाच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"दर आठ दिवसाला टांगून तोलतीस गं. दिष्ट लागती लेकराला."

"मावशी, तोलल्याशिवाय वाढलं का न्हाय कसं कळणार?"

"उचलून बघ की. कंबर हाताला लागती का न्हाय, तेवढ्यावर कळतंय. आन् सातवं-सातवं काय लावलंस? फौजदार म्हण त्याला. सकाळपासून तीन जणांना धडका दिल्यात त्यानं."

नावं ठेवायची नाहीत, असा बिराजदार सरांचा नियम होता. डॉक्टर उत्तरेश्वर बिराजदार हे करिश्माचे मार्गदर्शक. पहिल्याच दिवशी त्यांनी बाराही विद्यार्थ्यांना बजावलं होतं, "प्राण्याला नंबर द्यायचा. नाव दिलं की माया लागते, आणि माया लागली की आकडा हलतो." करिश्मानं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पण ती राहायला सत्यभामा मावशींच्याच घरी होती, आणि त्या घरात वीस करडांना चोवीस नावं होती. त्यातली चार कुणाची, हे खुद्द मावशींच्या नवऱ्याला, दगडोबा काकांनाही सांगता येत नव्हतं.

आकडे तिनं फोनवरून सरांना पाठवले. पाचच मिनिटांत फोन आला.

"दोरे बदललेत का तुम्ही?" सर विद्यार्थ्यांना अहोजाहो करत. त्यामुळं रागावले की जास्त भीती वाटे.

"न्हाय सर."

"मग काटा बदललात?"

"तोच आहे, सर."

"उद्या येतो."

फोन ठेवल्यावर करिश्मा बराच वेळ चिंचेखाली बसून राहिली. अहवालावर मार्गदर्शकाची सही झाली तरच प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि प्रमाणपत्र असलं तरच पुढं एम.एस्सी.च्या मुलाखतीला बोलावणार होते. तिच्या कॉलेजातून या कार्यक्रमात निवड झालेली ती पहिलीच. निवडीची बातमी आल्यावर तिच्या गावी, वाशीच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला होता. त्यावर ती, शेजारी प्राचार्य, आणि दोघांच्या मध्ये एक शेळी. शेळी कुठल्या तरी परदेशातली, पांढरीशुभ्र आणि उभ्या कानांची. आईनं फोनवर विचारलं होतं, "त्या गोऱ्या शेळीला काय खायाला घालतीस गं?"

सर दुसऱ्या दिवशी उमरग्याहून मोटरसायकलवर आले. पिशवीतून त्यांनी मिठाचा एक किलोचा पुडा काढून काट्याला टांगला. सुई बरोबर एकावर थांबली. दोन पुडे टांगले. सुई दोनावर. मग त्यांनी लाल दोऱ्यांच्या खुराकाचा डबा तपासला, रोजच्या नोंदीशी ताडून पाहिला. एका ग्रॅमचा फरक नव्हता.

"काटा खरा आहे," सर मिठाचे पुडे पिशवीत ठेवत म्हणाले. "खुराक बरोबर आहे. मग उरलं कोण?"

करिश्मानं खाली बघितलं. दोन नंबरचं करडू तिच्या चपलेचा पट्टा चावत होतं.

"आठ दिवसांत मला कारण सांगा," सर म्हणाले. "नाही सापडलं तर मी सही करणार नाही."

मावशींनी सरांना चहा दिला. बशीत ओतून पिताना सरांनी मान वर केली नाही. करडं त्यांच्या पँटला हुंगत होती, तीही त्यांनी पायानंच बाजूला सारली.

त्या दिवसापासून करिश्मानं पहारा सुरू केला. सकाळी शेळ्यांमागं रानात, दुपारी गोठ्याच्या दारात, संध्याकाळी पुन्हा गोठ्याच्या दारात. करडं काय खातात, कुठं तोंड घालतात, सगळं वहीत. नऊ नंबरनं दगडोबा काकांचा टॉवेल खाल्ला. चौदा नंबरनं वहीचंच एक पान खाल्लं, आणि त्याचीही नोंद तिला पुढच्या पानावर करावी लागली. पण निळ्या दोऱ्यांच्या वजनाचं कारण काही हाती लागेना.

याच कार्यक्रमात मातीच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या प्रेमनं फोनवर तिला मार्ग सुचवला. "निळ्यातली तीन जाडजूड करडं काढून टाक. आजारी होती म्हणून लिही. सरासरी आपोआप खाली येती."

"एक करडू आजारी न्हाय रे. सगळी माझ्या अंगावर उड्या मारतेत."

"मग उड्या मारू दे. लिहायला काय जातंय?"

तिनं फोन ठेवला आणि वहीत त्या तीन करडांचे नंबर शोधले. पेन्सिल हातात घेतली. थोड्या वेळानं पेन्सिलीचं टोक चावून चावून चपटं झालं, आणि वही मिटली.

ती उन्हाळ्याची माळवदावर झोपायची. खाली पहाटे जातं सुरू होई. गावातला गिरणीवाला पाला भरडून द्यायला तयार नव्हता. त्याच्या दगडाला हिरवा रंग लागतो आणि मग गिऱ्हाईकाचं पीठ हिरवं होतं. म्हणून लाल दोऱ्यांचा खुराक मावशी जात्यावर भरडून देत. जात्याची घरघर आणि तिच्यावरून वाहत येणारा मावशींचा आवाज ऐकत करिश्मा महिनाभर कूस बदलून पुन्हा झोपत आली होती. कानात सूर पडायचा, शब्द कधी वेचले नव्हते.

सहाव्या दिवशी तहान लागली म्हणून ती पहाटे खाली उतरली. रांजणात तांब्या बुडवला आणि तसाच धरून उभी राहिली. आत मावशी गात होत्या,

लाल दोऱ्याला वाढीते, निळा दोरा बघतो गं
माझ्या हातातला घास, कसा हातात राहतो गं

जातं एक फेरा फिरलं. मग दुसरी ओवी आली.

निळ्या दोऱ्याच्या गंगीला, शेंगा वाढिल्या मुठीनं
शिकलेल्या पोरी बाई, नको मोजूस दिठीनं

तांब्यातलं पाणी करिश्माच्या पायावर सांडलं. महिनाभर ही बाई रोज पहाटे, खड्या आवाजात, चालीवर कबुली देत होती, आणि आपण माळवदावर उताणं पडून चांदण्या बघत होतो.

ती आत गेली. मावशींच्या एका बाजूला मक्याची पाटी होती. दुसऱ्या बाजूला टोपली, आणि टोपलीत बाभळीच्या शेंगा, वाळलेल्या, भरडायला घेतलेल्या.

"मावशी."

मावशींनी जातं थांबवलं नाही. "उठलीस व्हय? च्या ठिवते."

"निळ्यांना शेंगा घालता तुम्ही?"

"घालते. पहाटं, जातं आटपलं की."

"कधीपासून?"

"तू दोरं बांधलंस त्या दिसापासून." मावशींनी शेंगांची मूठ जात्याच्या तोंडात सोडली. "तुझ्या डब्याला म्या हात लावला न्हाय हां. तुझं तुला. ही बाभळ माझी, शेंगा माझ्या."

"पण मी सांगितलं होतं ना, निळ्यांना काही द्यायचं नाही म्हणून!"

आता जातं थांबलं. मावशींनी पदरानं कपाळ पुसलं.

"पोरी, तुझ्या घरी पंगत बसती का न्हाय?"

"बसते की."

"मग पंगतीत एकाच्या पानात बुंदी वाढायची आन् त्याच्या शेजारच्याला नुसता भात दावायचा, असं करती का तुझी आई? एका दावणीला बांधलेली लेकरं ती. ह्यानं खायचं आन् त्यानं बघायचं. असलं वाढप ह्या दारात कधी झालं न्हाय, आन् माझ्या हातानं तर व्हणारच न्हाय."

"मावशी, ती उपाशी नव्हती. दूध पीत होती, चरत होती."

"बघत व्हती का न्हाय?"

करिश्मा जात्यासमोर बसली. तिनं विचारलं, "किती घालता एकेकाला?"

"एक एक मूठ. फौजदाराला दीड. त्यो भांडतोय."

करिश्मानं उठून छोटा काटा आणला. मावशींनी पाच वेळा मूठ भरून दिली. पाचही वेळा काट्यानं जवळजवळ एकच आकडा दाखवला, दोन-तीन ग्रॅम इकडं-तिकडं. तिच्या स्वतःच्या चमच्याचं माप इतकं सारखं येत नसे. तिनं ते लिहून ठेवलं आणि मग मात्र तिला रडू आलं. मावशींनी तिच्या पाठीवर भरड्याचा हात ठेवला. झंपरवर पाच बोटं उमटली.

"रडू नगंस. तुझ्या साहेबाला म्या सांगते."

हे ऐकल्यावर तिला जास्तच रडू आलं.

सरांना तिनं फोनवर सगळं सांगितलं. ओव्यांसकट. फोन कट झाला असं वाटून तिनं दोनदा "हॅलो" म्हटलं.

"सत्तावीस वर्षं मी हे काम करतोय," सर शेवटी म्हणाले. "खोटा काटा पाहिला. खोटा विद्यार्थी पाहिला. कंट्रोल ग्रुपला कुणी पंगतीत बसवलेलं पहिल्यांदाच पाहतोय."

ते त्याच दुपारी आले. सोप्यात बसून त्यांनी मावशींना आणि दगडोबा काकांना समजावून सांगितलं. तुलना करायची तर एक बाजू होती तशी ठेवावी लागते, तिलाच कंट्रोल म्हणायचं, ती बाजू हलली की उत्तर हाती लागत नाही, आणि खुराकाचं उत्तर मिळालं तर अशा हजार घरांना उपयोग होईल. ते चांगलं बोलले. दगडोबा काका मान हलवत होते. अर्थात, ते रेडिओवरच्या बाजारभावालाही अशीच मान हलवत.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी साहेब, ज्याला घातलं त्यो वाढतो आन् ज्याला न्हाय घातलं त्यो वाढत न्हाय, हे कळाया येवढं शिकावं लागतं व्हय?"

दगडोबा काकांना ठसका लागला. करिश्मा भिंतीकडं बघू लागली.

"किती वाढतो, ते कळायला," सर शांतपणे म्हणाले.

"मग मला इचारायचं. म्या सांगितलं असतं."

शेवटी तोडगा निघाला. दोन आठवडे उरले होते. तेवढे तरी नोंद चोख करायची. निळी करडं वाटेपलीकडं शरणप्पाच्या रिकाम्या गोठ्यात हलवायची. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या आया तिथं नेऊन पाजायच्या, चारा तिथंच टाकायचा. लाल दोऱ्यांचा खुराक त्यांना दिसणार नाही, म्हणजे पंगतही मोडणार नाही. मावशींनी त्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. सकाळी करिश्मानं राखण करायची; दुपारी मात्र ती लाल दोऱ्यांपाशी असते, त्या वेळी स्वतः सर उमरग्याहून येऊन बसतील.

"हे दोन आठवडे स्वच्छ गेले, तर मी सही करीन," सर मोटरसायकलला किक मारताना म्हणाले. "एक दाणा जरी इकडचा तिकडं झाला, तर मला काही करता येणार नाही. तुम्ही गुणी आहात म्हणून आकडा बदलत नसतो."

"व्हय सर," करिश्मा म्हणाली. तिला एवढंच ऐकू आलं होतं, की आपण गुणी आहोत.

मावशी रुसल्या. करिश्माशी बोलायच्या, पण तोंड जात्याकडं करून. पहाटेच्या ओव्यांतून निळा दोरा गेला आणि कुणी एक उमरग्याचा जावई आला. तो सासरवाडीत लेकरांच्या तोंडचा घास मोजायला बसतो आणि त्याच्या मोटरसायकलीचा धूर सगळ्या गावाला खोकला आणतो. करिश्मा आता पहाटे उठून शब्द नीट ऐकत असे. एक-दोन ओव्या तिनं वहीच्या मागच्या पानावर उतरवूनही घेतल्या.

शरणप्पाच्या गोठ्यातली दहा करडं दिवसभर ओरडायची. पहिल्या दिवशी शेजारच्या लक्ष्मम्मा येऊन विचारून गेल्या, कुणाचं काय दुखतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या शिपायानं येऊन डोकावून पाहिलं. करिश्मा सकाळी गोठ्याच्या दारात बसली, की दहा तोंडं तिच्या दिशेला वळत आणि दहा सुरांत एकच गोष्ट विचारत. ती कानात बोटं घालून आलेख काढायची. दुपारी बाराला सरांची गाडी आली, की उठून जायची. सर उपडं घमेलं घेऊन त्यावर बसत, मांडीवर कागद पसरत आणि चष्मा लावत. करडं ओरडत. सर वाचत.

"तुम्हाला त्रास होत नाही सर, ह्यांच्या ओरडण्याचा?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सवयीचं असतं," सर म्हणाले होते आणि पान उलटलं होतं.

गुरुवारी दुपारी लाल दोऱ्यांचं काम लवकर आटोपलं. ऊन मी म्हणत होतं. सर बारापासून बसलेत, पाणी तरी नेऊन द्यावं, म्हणून करिश्मा तांब्या घेऊन वाट ओलांडून निघाली. अर्ध्या वाटेत ती थांबली. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं, की गोठ्यातून आवाज येत नाहीये.

ती दारापर्यंत धावत गेली. तांब्यातलं पाणी अर्धं सांडलं.

सर दाराकडं पाठ करून घमेल्यावर बसले होते. कागद जमिनीवर पडले होते आणि त्यातला एक अकरा नंबर चघळत होतं. बाकीची करडं सरांना गराडा घालून उभी होती. एकानं पुढचे पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवले होते, एकाचं डोकं त्यांच्या काखेतून पुढं आलं होतं. सरांच्या पायाशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत बाभळीच्या शेंगा होत्या, रस्त्याकडेच्या झाडाखालून वेचाव्यात तशा, काटक्या आणि धूळ लागलेल्या.

"एकेक," सर हलक्या आवाजात म्हणत होते. "रांगेत. फौजदार, तुझं झालंय. मागं हो. गंगी, ये."

करिश्माच्या हातातला तांब्या दाराच्या चौकटीला लागला.

सरांनी मागं वळून पाहिलं. मूठ मिटली. पण फौजदारानं ती मूठ नाकानं उघडली आणि आतलं निवांत खाऊ लागला.

बाहेर वाटेवरून एक बैलगाडी गेली, तिची चाकं वाजत वाजत लांब गेली. करिश्मानं तांब्या खाली ठेवला. तिच्या बगलेत वही होती. ती तशीच बगलेत ठेवून आपण परत फिरू शकतो, हे तिला कळत होतं. दीड आठवडाच तर उरला होता. पान कोरं राहिलं असतं, सही झाली असती, आणि या दुपारबद्दल सरांनी जन्मात कधी विषय काढला नसता.

ती खाली बसली. वही मांडीवर उघडली. आजची तारीख घातली. पेन्सिल होती, ती बाजूला ठेवून पेन घेतला.

"सर," ती म्हणाली. "किती?"

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला.

"एकेक मूठ," ते म्हणाले. "याला दीड."

तिनं लिहिलं. दहा नंबर, दहा मुठी, सातपुढं दीड. लिहून झाल्यावर वही सरांच्या दिशेला वळवली आणि नोंदीखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. सरांनी तिच्या बोटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. खिशातून पेन काढून त्यांनी तिथं सही केली, पूर्ण नावानिशी, तारखेसकट.

करिश्मा वही मिटायला लागली, तेव्हा त्यांनी पानावर हात ठेवला.

"थांबा," सर म्हणाले. "मागचं पान काढा. सोमवारपासूनचं लिहायचंय."